हौसामावशीच्या नावाचा खेकडा

तळेगावच्या एका छापखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि उद्घाटनाची हँडबिलं यांचा मजकूर लिहायचा आणि प्रुफं तपासायची, हे माझं काम. दुकान टपरीएवढं असलं तरी उद्घाटन 'भव्य' असायचं, आणि माल कुठलाही असला तरी तो मिळण्याचं ठिकाण 'एकमेव' असायचं. पुढे पत्रिका फोनवरून जायला लागल्या, हँडबिलं लोक वाचायच्या आधीच खाली टाकायला लागले, आणि मालकांनी यंत्रं मोडीत काढली. मी घरी बसले. आमचे हे देहूरोडच्या डेपोतून निवृत्त होऊन आधीच घरी बसलेले होते. दोघांना मिळून घर लहान पडायला लागलं, तेवढ्यात लोणावळ्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा, चिक्कीवाल्या शेठांचा फोन आला. हँडबिलं तर गेली, आता मोबाईलवर काय ते टाकतात ते तुम्ही टाकाल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हणाले. मोबाईलवर काय ते टाकतात हे मला माहीत नव्हतं, पण त्यांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे बोलणी सुरळीत झाली.

भाचीला धरून बसवलं आणि शिकून घेतलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुकानाच्या नावानं मोबाईलवर एक पान उघडायचं, त्याला पेज म्हणतात. त्यावर फोटो आणि छोटे व्हिडिओ टाकायचे, त्या व्हिडिओला रील म्हणतात. बघणारा माणूस अंगठ्यानं एकामागून एक रील वर सरकवत असतो. तो अंगठा आपल्यापाशी क्षणभर थांबवायचा, एवढाच हा सगळा धंदा आहे. खाण्याच्या जिनसांना वाफ दिसली पाहिजे, फार्महाऊसला पाणी दिसलं पाहिजे, आणि दातांच्या डॉक्टरांचा पेशंट हसताना दिसला पाहिजे. बाकी मजकूर कोणी वाचत नाही. मजकुरावरच आयुष्य काढलेल्या बाईला हे पचायला जरा वेळ लागला.

शेठांची अट अशी होती की प्रत्येक व्हिडिओत त्यांच्या कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो आलाच पाहिजे, कारण दुकान त्यांनी उभं केलं. चिक्कीच्या रीलखाली लोक 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला लागले. शेठ खूश होते, प्रतिसाद भरपूर होता. चिक्की मात्र कोणी विचारेना. मळवलीच्या एका बंगलेवाल्यांचा पोहण्याचा तलाव मी फोन जमिनीला टेकवून असा घेतला होता, की पलीकडचा काठ दिसूच नये. पहिलंच कुटुंब आलं, काठावर उभं राहिलं, आणि त्यातल्या आजोबांनी केअरटेकरला शांतपणे विचारलं, "बाकीचा कुठाय?"

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. पण या धंद्यात मला काय येतं आणि काय येत नाही, हे ज्या एका कामानं दाखवलं ते हौसामावशीच्या खाणावळीचं.

हौसामावशीचं घर मळवलीला, स्टेशनपासून थोडं आत. नवरा गेल्यावर तिनं घराच्या पडवीत खाणावळ सुरू केली होती. पाटी नव्हती, मेनू नव्हता. आसपासच्या बंगल्यांवरचे माळी, वॉचमन, रुळावर काम करणारी माणसं दुपारी यायची. इंद्रायणीचा भात, आमटी, तांदळाची भाकरी, पिठलं नाहीतर एखादी पालेभाजी, ठेचा, एवढं जेवण. मावशी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि चुलीला आजवर अंड्याचंही टरफल लागलेलं नाही. तिच्याकडे जेवणारे बरेचसे त्याच भरवशावर यायचे. त्यांत विठूआबा म्हणून एक म्हातारे माळी होते, तेही माळकरी. बायको गेल्यापासून ते बाहेर कुठेच जेवायचे नाहीत, फक्त मावशीकडे. पडवीच्या खांबाला टेकून बसायचे, आणि आमटीत मीठ कमी असलं तर नुसते मावशीकडे बघायचे. मावशी मीठ आणून द्यायची. दोघांचं बोलणं एवढंच.

मावशीचा मुलगा संदीप तळेगावच्या एका कंपनीत. आईच्या हाताची चव जगाला कळली पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो मला घेऊन गेला. मावशीनं विचारलं, जगाला कळून काय व्हायचंय. संदीप म्हणाला, गिऱ्हाईक वाढेल. मावशी म्हणाली, आहे तेवढ्यांचं पोट भरतंय. पण पोराच्या शब्दाखातर तिनं मला चुलीशी बसू दिलं. मी भाकरी थापणारे हात घेतले, तव्यावर फुगणारी भाकरी घेतली, आणि ती मोडल्यावर निघालेली वाफ घेतली. अशी वाफ मला परत कधी मिळाली नाही. खाली लिहिलं, 'हौसामावशीची खाणावळ, मळवली'. 'भव्य' नाही, 'एकमेव' नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात साधा मजकूर तो.

त्या वाफेनं घात केला. पुढच्या शनिवारी खाणावळीसमोर मोटारी उभ्या होत्या. रविवारी त्या मोटारींमुळे म्हशी घरी जाईनात. पुण्यामुंबईची माणसं पडवीत, अंगणात, गोठ्याच्या कट्ट्यावर बसली होती, आणि वाढलेलं ताट समोर ठेवून आधी त्याचे फोटो काढत होती. मावशीला ते बघवेना. भाकरी गार होते, असं ती तोंडावर पदर ओढून प्रत्येकाला जाऊन सांगत होती, आणि लोक तिचं ते सांगणंही रेकॉर्ड करत होते. दुपारी रोजची माणसं आली तेव्हा भात संपला होता. विठूआबा खांबापाशी आले. तिथं एक मुलगी टेकून बसली होती. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "ताई, तुमी गर्दी आनलीत न्हवं, आता तुमीच कमी करा."

मी बऱ्याच जणांच्या दुकानात गर्दी व्हावी म्हणून कामं घेतली होती, गर्दी घालवायचं काम पहिलंच. मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो शंभर ठिकाणी पोचलेला, त्यामुळे उपयोग शून्य. मग मी पेजवर लिहिलं, 'जागेअभावी फक्त रोजच्या गिऱ्हाइकांना जेवण मिळेल.' त्यावर लोकांनी रोजचं गिऱ्हाईक कसं व्हायचं असं विचारायला सुरुवात केली. एका गृहस्थांनी आगाऊ वार्षिक सभासदत्व मागितलं. शेवटी मावशीच म्हणाली की खरं काय ते लिहून टाका. म्हणून मी लिहिलं की इथं गाडी लावायला जागा नाही, पंखा नाही, हात धुवायला बादलीतलं पाणी घ्यावं लागतं, म्हशी जवळ आहेत, आणि जे शिजलं असेल तेच मिळतं. छापखान्यात इतकं प्रामाणिक हँडबिल मी एकदाही लिहिलं नव्हतं. त्याच्याखाली लोकांनी लिहिलं, 'अस्सल गावरान अनुभव. नक्की जाणार.' पुढच्या रविवारी कोणी कोणी म्हशीबरोबर फोटो काढायला म्हणून खास आले.

मी हात टेकले. आणि मग एका रविवारी कोणीच आलं नाही.

मावशीनं मला फोन करून आशीर्वाद दिला. मी काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं, पण आशीर्वाद नाकारायची पद्धत नाही. रोजची माणसं आपापल्या जागी बसली, विठूआबा खांबाला टेकले, म्हशी वेळेवर घरी गेल्या. पुढचा रविवारही शांत गेला. मला खटकत होतं ते एवढंच, की पेजवर लोकांचे अभिप्राय येतच होते. जेवून गेलेला माणूस तिथं चांगलंवाईट लिहितो, आणि ते वाचून दुसरा येतो. खाणावळीत माणूस नाही, आणि अभिप्राय मात्र रोज. मी ते नीट वाचायला घेतले, आणि पहिल्याच अभिप्रायाला चहाचा कप खाली ठेवला. 'हौसामावशींच्या हातचा खेकड्याचा रस्सा म्हणजे स्वर्ग.' खाली दुसरा होता, 'मावशींनी आग्रहानं खेकड्याचा डेंगा फोडून दिला.' सोबत फोटो. लालभडक रस्सा, त्यात आडवे पाय पसरलेला ओढ्यातला काळा खेकडा, आणि वर मावशीचं नाव.

मला कळायच्या आत ते गावाला कळलं होतं. कोणाच्या तरी भाच्यानं भजनाला आलेल्या मंडळींना मोबाईल दाखवला. त्यात विठूआबाही होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मावशीनं वाढून ठेवलेलं ताट झाकलेलं राहिलं. ते बंगल्याच्या बागेत केळी खाऊन भागवतात, असं दुसऱ्या माळ्यानं सांगितलं.

मी गेले तेव्हा मावशी चुलीपुढे नुसती बसली होती. मी समजावू लागले की कुठेतरी गफलत झाली आहे, आपण पेजवर खुलासा टाकू. तिनं मान वर केली नाही. "एवढी वर्सं माझ्या हातचं खाल्लं त्यानी," ती म्हणाली, "अन् इचारायलाबी आला न्हाई."

गफलत कुठली ते मला त्याच दुपारी सापडलं. मोबाईलच्या नकाशावर दुकानाची जागा दाखवणारी एक खूण असते, लोक तिला लोकेशन म्हणतात. गाडी चालवणारा माणूस रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारत नाही, त्या खुणेमागून जातो. कोणीतरी पुण्याचा खाद्यभ्रमण करणारा तरुण आला होता. मावशीच्या दारात जागा नाही म्हणून त्यानं गाडी रुळांच्या पलीकडे, डोंगराकडच्या वाडीत लावली होती, आणि जिथं गाडी तिथलीच खूण 'हौसामावशीची खाणावळ' म्हणून आपल्या व्हिडिओखाली टाकून दिली होती. त्याचे बघणारे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. सगळं पुणं त्या खुणेमागून जात होतं.

मी मावशीला म्हटलं, आपण जाऊन बघू. ती डोक्यावरचा पदर घट्ट करून उठली. वाटेत मी मनातल्या मनात भांडण कसं सोडवायचं याची तयारी करत होते.

खुणेच्या जागी किसनभाऊचं घर होतं. भातशेती करणारा माणूस. दारात मोटारी उभ्या, अंगणात ताडपत्री, ताडपत्रीखाली जेवणारी माणसं. आतून एक तिशीतली बाई घामाघूम होऊन बाहेर आली. ही किसनभाऊची बायको, लता. मावशीच्या नावाचा खेकडा तिच्या हातचा होता.

मावशीनं आपलं नाव सांगितलं. लतानं हातातली परात खाली ठेवली आणि आधी तिच्या पाया पडली. मग जे सांगितलं ते असं. एका रविवारी चार माणसं दारात येऊन उभी राहिली आणि मावशीकडे जेवायला आलोय म्हणाली. इथं मावशी नाही, असं हिनं सांगितलं. ती माणसं म्हणाली, मॅपवर तर इथंच आहे.

"मी म्हनलं, माझंच घर हाय, मला ठावं न्हाई व्हय," लता सांगत होती. "तरी पटंना त्यास्नी. माझ्यापरीस मोबाईलवर भरवसा. बरं, पोरं उपाशी. त्यादिवशी ह्यांनी वढ्यातनं खेकडं आनलतं, तेच वाढलं."

ती माणसं बोटं चाटत गेली, आणि पुढच्या रविवारी जास्त आली. तिनं प्रत्येक वेळी सांगितलं की मी मावशी नव्हे. लोकांना तो मावशीचा विनय वाटला. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. लग्न होऊन आल्यापासून कोणी आपल्या हातच्या जेवणाला चांगलं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि इथं अनोळखी माणसं मोटारी काढून येत होती. नाव दुसऱ्याचं आहे हे तिला रोज टोचायचं, पण दार लावून घेववत नव्हतं. हे सांगताना ती मावशीकडे न बघता परातीकडे बघत होती.

मावशी ऐकत उभी होती. मला वाटलं, आता सुरू होणार. पण तिनं एवढंच विचारलं, की सकाळपासून तू काही खाल्लंस का. लता नाही म्हणाली. मग लताचं लक्ष तिच्या गळ्यातल्या माळेकडे गेलं. ती आत गेली, हातपाय धुऊन आली, फळीवरून वेगळी कढई काढली, चूल सोडून बाजूला स्टोव्ह पेटवला, आणि त्या कढईत पिठलं टाकलं. बाहेर लोक रश्शासाठी हाका मारत होते. तिनं त्यांना थांबायला सांगितलं. मावशी हे सगळं दारातून बघत होती. ताट आलं तशी ती खाली बसली, आणि मला म्हणाली, तुम्हीपण बसा.

पहिला घास खाऊन ती म्हणाली, "पिठलं पातळ हाय." मग तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर तिनं लताला जवळ बोलावलं. "पोरी, हे माझ्या नावानं इकू नगंस. चोरी म्हनून न्हाई सांगत. तुझं हाय, तर तुझ्या नावानं इक." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हिचं नाव लिवा मोबाईलात."

लतानं पदर डोळ्यांना लावला. किसनभाऊ इतका वेळ मोटारी लावून देण्यात गुंतले होते. ते आत आले आणि काय झालं म्हणून घाबरून सगळ्यांकडे बघू लागले. त्यांना कोणीच काही सांगितलं नाही.

नकाशावरची खूण बदलायला मला पुष्कळ दिवस लागले. नकाशाच्या कंपनीला कळवलं की 'आपल्या सूचनेबद्दल आभार' असं उत्तर यायचं आणि खूण तिथंच राहायची. पण ते होईल तेव्हा होईल. आधी विठूआबांचं काय, हा प्रश्न होता. मी मोठ्या अक्षरांत खुलासा लिहिला, व्हिडिओ केला, तो हजारो लोकांनी बघितला, त्याच्याखाली लाल बदाम आणि अंगठे उमटले. विठूआबांकडे फोनच नव्हता. एवढ्या वर्षांच्या अनुभवातून सांगते, हजार माणसांपर्यंत पोचणं या धंद्यात सोपं आहे. एका माणसापर्यंत पोचायचं असेल तर चालत जावं लागतं.

मावशी यायला तयार नव्हती. माझ्या अंगाला लागलेलं नाही ते मी धुणार नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून मी लताला घेऊन गेले. विठूआबा बंगल्याच्या बागेत जास्वंदीला आळं करत होते. लतानं लांबूनच हात जोडले आणि सांगितलं, खेकडा माझा होता, चूल माझी होती, मावशीचा त्यात संबंध नाही. आबांनी खुरपं थांबवलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी मध्ये नकाशाचं समजावू लागले, तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजी खेकडा हिचा, नाव तिचं," ते म्हणाले, "अन् उपाशी ऱ्हायलो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम मळवलीला जाऊन बसले होते. आबा आले, खांबाला टेकले. मावशीनं ताट आणून ठेवलं. आबांनी आमटीचा भुरका मारला आणि तिच्याकडे बघितलं. मावशी जागची हलली नाही. मीठ बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. आबा नुसतेच बघत होते. मग मान खाली घालून ते जेवले, आणि नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

लताच्या अंगणात आता पत्र्याची शेड आहे आणि तिच्या स्वतःच्या नावाची पाटी आहे. पाटीचा मजकूर मी लिहिला, त्यात 'एकमेव' शब्द घालायचा मोह आवरला. मावशीचं पेज मी बंद केलं. संदीप थोडे दिवस नाराज होता, मग आईची आमटी जेवून गप्प झाला. मीही आता कामं कमी केली आहेत. नवीन मुलं फार वेगानं करतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या रीलमधली वाफ माझ्यापेक्षा चांगली असते, कारण ती खोटी असते.

रविवारी मावशीची खाणावळ बंद असते. त्या दिवशी विठूआबांचं ताट खांबापाशी झाकून ठेवून ती लताकडे पिठलं खायला जाते. लता तिला आत बोलावते, पण मावशी लोकांबरोबर रांगेत बसते. आधीपासून बसलेल्यांच्या पुढं जाणं तिला पटत नाही. तिला तिथं कोणी ओळखत नाही, कारण व्हिडिओत तिनं कधी चेहरा येऊच दिला नव्हता. मागच्या पावसाळ्यात मी तिच्या शेजारी बसले होते, आणि पुण्याची एक मुलगी मोठ्या आपुलकीनं तिला समजावत होती.

"आजी, ओरिजिनल हीच. तिकडे स्टेशनजवळ एक कॉपी निघाली आहे म्हणे. तिथं खेकडा मागितला तर नाही म्हणतात, त्यावरून ओळखायचं."

"व्हय का," मावशी म्हणाली. "बरं झालं बाई सांगितलंस."